जिन्याखाली फक्त मराठी

मी भूलतज्ज्ञ. तेहतीस वर्षं मिनेसोटातल्या एका हॉस्पिटलात माणसांना झोपवलं आणि, सांगायला अभिमान वाटतो, बहुतेक सगळ्यांना उठवलंही. निवृत्त झाल्यावर ईडन प्रेरीतल्या आमच्या रविवारच्या मराठी शाळेने मला शिकवायला बोलावलं, तेव्हा नवरा म्हणाला, "योग्य बाई निवडलीये त्यांनी. फक्त तास संपल्यावर पोरांना उठवायचं विसरू नकोस." मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. पहिल्याच रविवारी 'माझे कुटुंब' शिकवताना मागच्या रांगेतले दोघं खरोखर झोपले, हे मी घरी सांगितलं नाही.

शाळा म्हणजे एका चर्चचं तळघर. वर प्रार्थना, खाली बाराखडी. घडीच्या खुर्च्या, भिंतीवर बाळ येशू, आणि कोपऱ्यात कॉफीचं भलंमोठं भांडं, ज्याला हात लावायची आम्हाला मनाई होती. मुलं दीड तास 'क कमळाचा' म्हणायची. चर्चच्या मागच्या तळ्यात उन्हाळाभर पांढरी कमळं फुललेली असायची, पण ती दाखवायला पोरांना कोणी नेलं नाही. अभ्यासक्रमात तसं नव्हतं. मग पुढच्या रविवारपर्यंत सहा दिवस इंग्रजी, आणि पुन्हा 'क कमळाचा'. पालथ्या घड्यावर पाणी, तेही दर आठवड्याला नियमाने आणि फी घेऊन.

वर्षाच्या शेवटी कार्यक्रम. मुलांना रोमन अक्षरांत लिहून दिलेलं भाषण पाठ करायचं. मूल ते एका श्वासात म्हणून टाकतं, भारतातून आलेले आजी-आजोबा डोळे पुसतात, फोटो पुण्याला आणि नागपूरला जातात. मूल स्टेजवरून उतरता उतरता विचारतं, "कॅन वी गो नाऊ?" हे सगळं मी सहा वर्षं केलं. टाळ्याही वाजवल्या.

मग आम्ही आयल ऑफ मॅनला गेलो. इंग्लंड आणि आयर्लंडच्या मधलं ते लहानसं बेट. नवऱ्याला तिथली मोटारसायकलींची शर्यत बघायची होती. बाहत्तराव्या वर्षी दुसऱ्यांना मरणाच्या वेगाने जाताना बघून त्याला काय मिळतं, मला ठाऊक नाही. तो कुंपणाला नाक लावून उभा राहिला आणि मी एका गावातल्या चहाच्या दुकानात जाऊन बसले. शेजारच्या टेबलावर गणवेशातल्या दोन पोरी एका केकवरून कचाकचा भांडत होत्या. भाषा इंग्रजी नव्हती. मी दुकानवालीला विचारलं, तर म्हणाली, ही मँक्स, आमच्या बेटाची भाषा. जन्मापासून ती बोलणारा शेवटचा माणूस मरूनही पन्नासेक वर्षं झाली. पण काही लोकांनी ती आधीच त्या म्हाताऱ्यांकडून शिकून ठेवली होती, आणि आता जवळच एक प्राथमिक शाळा आहे, जिथे गणितापासून खेळापर्यंत सगळं मँक्समध्येच चालतं. एक पोर तिचीच होती. "मला त्यातलं फार थोडं कळतं," ती म्हणाली, "पण आज मला शिव्या पडतायत एवढं कळतंय." हे सांगताना बाईच्या तोंडावर कोण आनंद.

मी तिथेच बसल्या बसल्या चिडले. मेलेल्या भाषेत पोरी केकवरून भांडतायत, आणि आमची कोट्यवधी माणसांची धडधाकट भाषा तळघरात बसून कमळ कमळ करतेय. परत आल्यावर वाचलं तर कळलं की आमच्या मिनेसोटातच इथल्या मूळच्या लोकांनीही आपल्या भाषांसाठी असे वर्ग कधीपासून चालवलेत. काखेत कळसा आणि गावाला वळसा. माझा वळसा जरा लांबून, विमानाने झाला.

मी समितीपुढे प्रस्ताव ठेवला. उन्हाळ्याच्या सुट्टीत आठ आठवडे, सोमवार ते शुक्रवार, सकाळी नऊ ते एक. तळघराचा जिना उतरला की फक्त मराठी. गणित मराठीत, चित्रं मराठीत, डबा, शी-शू, कागाळ्या, सगळं मराठीत. शिकवणाऱ्यांनीही इंग्रजीचा शब्द काढायचा नाही.

आमचे अध्यक्ष जुन्या पिढीतले इंजिनिअर. काका म्हणावं असे, पण मी त्यांच्याहून दोनच वर्षांनी लहान असल्यामुळे म्हणत नाही. त्यांनी चष्मा पुसला. "आयडिया ग्रेट आहे. पण ॲन्युअल प्रोग्रॅमला काय प्रेझेंट करणार?"

"काही नाही."

"म्हणजे प्रोग्रॅम कॅन्सल करायचा?"

"पोरं एकमेकांशी बोलतील. ते बघायला या."

"त्याचा व्हिडिओ कसा काढणार?" ते म्हणाले, आणि त्यांना खरंच चिंता वाटत होती.

माझ्याबरोबर शिकवणाऱ्या नागपूरच्या काकूंची शंका जास्त व्यवहारी होती. "बाप्पा! अन् एखाद्या पोराले पोटात दुखलं तं?"

"मराठीत दुखेल," मी म्हणाले. पुढे याच वाक्याने माझं नाक कापलं जाणार होतं.

नऊ मुलं आली, पाच ते आठ वर्षांची. शिकवणाऱ्या आम्ही तिघी: मी, नागपूरच्या काकू, आणि युनिव्हर्सिटीत मातीवर संशोधन करणारी कोल्हापूरची एक विद्यार्थिनी. नववं मूल माझी नात. तिला आणणं सोपं गेलं नाही, कारण ते मला तिच्या आईकडे मागावं लागलं, आणि तिची आई म्हणजे माझी मुलगी.

हे सांगून टाकते. माझी मुलगी चार वर्षांची होईपर्यंत दिवसभर मराठीत चिवचिव करायची. मग तिच्या नर्सरीतल्या बाई प्रेमाने म्हणाल्या, मुलीचा गोंधळ उडतोय, तुम्ही घरी इंग्रजीच बोला. आम्ही दोघं शिकलेले, आणि शिकलेल्या माणसाला कुणी शांत आवाजात सल्ला दिला की तो चिठ्ठीवरच्या औषधासारखा घेतो. दुसऱ्या दिवसापासून इंग्रजी सुरू. अँटिबायोटिकचा कोर्स दहा दिवसांचा असतो, आम्ही हा चौतीस वर्षं चालवला. तीन महिन्यांत पोर मराठीत उत्तर द्यायची थांबली. तिला नकोच होती भाषा, असं मी लोकांना सांगत आले. चार वर्षांच्या मुलीवर ढकलून मी मोकळी झाले, याची मला आज लाज वाटते.

आता ती मिनिॲपोलिसला वकील आहे. नवरा इथलाच, उंच आणि शांत. सहा वर्षांच्या मुलीला माझ्या वर्गात पाठवशील का, असं मी तिला फोनवर विचारलं.

"आई, यू? ऑफ ऑल पीपल?"

"हो, मीच."

"फाइन. बट वन कंडिशन. तू पण नो इंग्लिश. घरी पण नाही. विथ हर, नेव्हर. नाहीतर इट्स जस्ट अनदर कॅम्प."

अख्ख्या समितीला जे कळलं नव्हतं ते तिला अर्ध्या मिनिटात कळलं. मी ऐटीत कबूल केलं. माझं काय जाणार आहे ते तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नाही.

नात आठवड्यातून तीन दुपारी माझ्याकडे असते. आली की तिची टकळी सुरू. कुठल्या मैत्रिणीशी कट्टी, वर्गातल्या हॅमस्टरला नवीन पिंजरा, बाबा घोरतो तेव्हा आई कशी उशी मारते. सगळं इंग्रजीत, मधेमधे फक्त 'आजी'. माझ्या दिवसातली सगळ्यात आवडती वेळ ती. कंडिशन लागू झाली त्या दुपारी ती आली, मी म्हणाले, "ये गं, काय झालं आज?" तिने माझ्याकडे बघितलं, तोंड उघडलं, मिटलं, आणि टेबलाशी बसून चित्र काढायला लागली. दुसऱ्या दिवशीही तेच.

वर्गात वेगळीच तऱ्हा. या मुलांना मराठी येत होती, पण कुठली? आमच्या घरांमध्ये मुलांशी मराठीत जेवढं बोलतात तेवढी. ये. बस. जेव. हात धू. पुरे. मार खाशील. बाकी शाळा, मैत्री, राग, आजारपण, सगळं इंग्रजीत. त्यामुळे पहिल्या आठवड्यात तळघरात सासवाच सासवा एकमेकींवर हुकूम सोडत फिरत असल्यासारखं वाटायचं. पाच वर्षांचा एकजण खेळण्यातल्या अस्वलाला दरडावत होता, "भात संपव. नाहीतर बघ." कोल्हापूरची विद्यार्थिनी हसू आवरेना म्हणून बाहेर गेली. मला मात्र हसताना जरा कसंसंच झालं. हे आमचंच बोलणं होतं, आणि याखेरीज त्यांना ऐकवलेलं काही नव्हतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

दुपारी एकला पालक न्यायला यायचे आणि जिन्यात उभे राहून आम्हाला विचारायचे, "हाऊ वॉज ही टुडे? डिड ही स्पीक इन मराठी?" मी त्यांना वर ढकलत न्यायचे.

तिसऱ्या आठवड्यात फुटायला लागली पोरं. एकीने डबा उघडला आणि म्हणाली, "माझी आई पोळी जाळते." सात वर्षांचा एकजण ओरडला, "हा खोटारडा आहे, याने माझी पेन्सिल चोरली!" पेन्सिल खरोखर चोरलेली होती. आम्ही तिघींनी चोराला रागवायचं सोडून एकमेकींकडे बघितलं, आणि नागपूरच्या काकूंनी डोळ्याला पदर, म्हणजे टी-शर्टची बाही लावली. आठ मुलं बोलायला लागली. माझी नात नाही. ती सगळं ऐकायची, सांगितलेलं करायची, आणि गप्प.

चौथ्या आठवड्यातल्या मंगळवारी ती घरात धावत आली. "आजी, गेस व्हॉट!" म्हणाली, आणि पटकन दोन्ही हात तोंडावर दाबले. मी वाट बघितली. ती वळली आणि गॅरेजमध्ये आजोबांकडे गेली. आजोबांना कंडिशन नव्हती. भिंतीपलीकडून मला तिची टकळी ऐकू येत होती, नवऱ्याचं "ओह नो, रिअली?" ऐकू येत होतं. मी इकडे कांदा हातात धरून उभी. मला रडू आलं, आणि कांदा अजून चिरलाही नव्हता. चहाच्या वेळी नवऱ्याने सांगितलं, तिचा पुढचा दात हलतोय. माझ्या नातीचा दात हलतोय हे मला दुभाष्याकडून कळलं. मी त्याला म्हणाले, "तू कशाला एवढं बोलतोस तिच्याशी?" तो म्हणाला, "कुणीतरी बोलायला नको का?" माणूस अख्ख्या संसारात कधी एवढं नेमकं बोलला नसेल.

त्याच संध्याकाळी मुलीचा फोन. "आई, शी इज सॅड. शी मिसेस यू. आय नो मीच कंडिशन घातली, पण धिस इज नॉट वर्किंग. फ्रायडेपर्यंत बघते. नाहीतर आय ॲम पुलिंग हर आउट."

म्हणजे तीन दिवस. मी बुधवारी लाच म्हणून आइस्क्रीम दिलं, तिने मान हलवून आभार मानले. गुरुवारी मी तिच्यासमोर माझ्या लहानपणीच्या गमती सांगत बसले, आणि माझ्या लक्षात आलं की मी स्वतःच अडखळतेय. मला मराठीत भाजी निवडता येते, शेजारणीची उणीदुणी काढता येतात. सहा वर्षांच्या मुलीशी मराठीत गप्पा मारून मला चौतीस वर्षं झाली होती. तिला शिकवायला निघालेल्या मलाच ते येत नव्हतं. मी मनात ठरवलं, शुक्रवारी एक वाजता हा हट्ट सोडायचा. भाषा गेली खड्ड्यात, मला माझी नात परत हवी होती.

शुक्रवारी साडेअकराला मुलं तळ्याकाठून परत आली. हो, अखेर कमळं बघून. नात जिना धावत उतरली, शेवटच्या पायरीवर पाय सटकला, आणि हनुवटी फरशीवर आपटली. रक्त भळाभळा.

आणि मग आम्ही तिघी काय बोललो ते ऐका. मी: "ओके, ओके, स्वीटहार्ट, लुक ॲट मी, डोंट मूव्ह!" नागपूरच्या काकू, ज्यांच्या तोंडून 'बाप्पा'शिवाय वाक्य सुरू होत नाही: "ओ माय गॉड, ओ माय गॉड, कॉल समबडी!" विद्यार्थिनी: "इज शी ओके? शुड आय गेट आइस?" चार आठवडे एक शब्द इंग्रजी न बोललेल्या आम्ही, रक्त बघितल्याबरोबर तिघींच्या तिघी पलीकडे उड्या मारून मोकळ्या. आठ मुलं ओळीने उभी राहून आमच्याकडे बघत होती. त्यातला तो अस्वलवाला पाच वर्षांचा पुढे आला आणि गंभीरपणे म्हणाला, "जिन्याखाली फक्त मराठी."

मला त्याला एक ठेवून द्यावीशी वाटली. पोराचं शंभर टक्के बरोबर होतं, म्हणून तर.

विद्यार्थिनीला माझ्या मुलीला फोन करायला सांगितलं, आणि हनुवटीला रुमाल दाबून मी नातीला गाडीतून जवळच्या दवाखान्यात नेलं. वाटेत ती हुंदकेसुद्धा देईना. तिथली तरुण डॉक्टर म्हणाली, तीन टाके, आधी जागा बधिर करायची सुई. सुई बघितल्यावर मात्र पोरीने असा काही आकांत केला की नर्स मागे सरली. आता ही माझी जागा. सुईला घाबरलेल्या माणसाला शांत करणं हाच माझा जन्मभराचा धंदा. मी तिचा हात धरला, वाकले, आणि माझ्या तोंडून काही निघेना. हजारो माणसांना मी दहापासून उलटे आकडे मोजायला लावून झोपवलं, पण सगळ्यांना इंग्रजीत. मराठीत मी आजवर एकाही माणसाची भीती घालवलेली नव्हती. "काही नाही होत," मी म्हणाले. ते तिला आणि मलाही खोटं वाटलं.

तेवढ्यात दार उघडून मुलगी आत आली, ऑफिसच्या कपड्यांत, धापा टाकत. पर्स जमिनीवर टाकली, पलंगावर चढली, लेकीला मांडीत घेतलं.

"कुठे बाऊ झाला?" ती म्हणाली. "दाखव बघू. इथे? फू करू का? फूऽऽ. गेला बाऊ. चिऊने नेला. काऊला दिला. काऊ म्हणाला, मला नको बाई."

मी भिंतीला टेकले. ती वकिलाची भाषा नव्हती आणि मोडकीतोडकी मराठीही नव्हती. उच्चार लख्ख, सूर लाडाचा, आणि तो सूर माझा होता. ती चार वर्षांची असताना तिला खरचटलं की मी हे म्हणायचे. मी साफ विसरले होते. तिच्याकडे ते चौतीस वर्षं जसंच्या तसं होतं. तिला नकोच होती भाषा, असं मी जगाला सांगत फिरले होते.

नात शांत झाली. सुई गेली, तिने डोळे घट्ट मिटले, आणि आईचा बाऊ, चिऊ, काऊ पुन्हा सुरुवातीपासून झाला. थोड्या वेळाने डॉक्टरने पहिला टाका घातला.

"मग?" नातीने विचारलं. ओठ फारसे न हलवता, पण स्पष्ट.

"मग काऊ म्हणाला, मला नको बाई."

दुसरा टाका. "मग?"

माझी मुलगी थांबली. तिने माझ्याकडे वर बघितलं, आणि अडतीस वर्षांची बाई मला तेव्हा खरंच चार वर्षांची दिसली. "मग काय, आई?" ती म्हणाली. "आय डोंट हॅव एनी मोर. माझ्याकडे एवढंच आहे."

नातीने मान न हलवता नुसते डोळे माझ्याकडे फिरवले. चार आठवड्यांत पहिल्यांदाच तिने मला काही विचारलं. "आजी, मग?"

डॉक्टर सुई धरून थांबली होती. पुढचं मलाही येत नव्हतं, कारण त्यानंतरचं प्रत्येक खरचटणं मी इंग्रजीत पुसलं होतं. मी स्टूल ओढून त्यांच्याजवळ बसले. "मग काऊ म्हणाला," मी सुरुवात केली, आणि जे नातीच्या आईला कधी सांगितलंच नव्हतं, ते दोघींना एकदमच सांगायला लागले.